तिसऱ्या मजल्याची गॅलरी

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबताना पायाखाली एक हिसका बसला. फार नाही, स्टँडावर एसटी लागताना ड्रायव्हरनं ब्रेक जरा जास्त दाबावा तेवढाच. राजेश्वरीबाईंनी लगेच माझा दंड धरला. त्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावर राहतात, शाळेत गणित शिकवतात, आणि कुणाचाही दंड धरायला त्यांना संकोच वाटत नाही. म्हणाल्या, "सुभेदारकाका, नवी आहे, बसेल हळूहळू." मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, सिक्कीमच्या रस्त्यांवर ट्रकच्या मागं बसून हाडं खिळखिळी करून घेतली, मला हिसक्याचं काय सांगता. पण झालं होतं. दार सरकलं, समोर जिन्याची मोकळी जागा आणि माझंच दार दिसलं, दारावर माझ्या नावाची पितळी पाटी दिसली, आणि डोक्यात आलं की आपण लिफ्टमध्ये कुठले, आपण बायकोच्या, सुलाच्या गॅलरीत उभे आहोत. जागा तीच, उंची तीच. ती पाट टाकून बसायची तो कोपरा, तिथं आता बटणं होती. मी उतरलो नाही. राजेश्वरीबाईंना वाटलं काकांना चौथा मजलाही बघायचा आहे, त्यांनी बटण दाबलं.

सकाळी दहा वाजता उद्घाटन झालं होतं. नारळ मी फोडला. सगळ्यात जुना सभासद म्हणून मला बोलावलं, आणि राजेश्वरीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काकांनी मोठ्या मनानं जागा दिली म्हणून हा दिवस दिसला." टाळ्या पडल्या, पेढे वाटले. दुसऱ्या मजल्यावरचा वीरधवल मोबाइलवर शूटिंग करत होता, तो मला म्हणाला, काका, जरा हसा. मी हसलो. आता खरं काय ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. लिफ्ट माझ्यामुळं झाली नाही, माझ्यामुळं आठ वर्षं अडली. झाली ती सुला गेल्यावर. बैल गेला अन् झोपा केला, हे कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. बायको गेलेल्या म्हाताऱ्याशी माणसं फार चांगली वागतात, त्यानं जीव गुदमरतो. पूर्वी याच लोकांनी मला मीटिंगमध्ये आडमुठा म्हटलं होतं, पाठीमागं काय काय म्हटलं असेल ते वेगळंच. तेव्हा बरं होतं. आता पेढ्याचा बॉक्स आधी माझ्यापुढं येतो.

गोष्ट अगदी साधी आहे. आमची विजयश्री बिल्डिंग गोडोलीत, तळमजला आणि वर चार मजले. सत्त्याऐंशी साली बांधली तेव्हा लिफ्टचं नाव कोण काढणार. साताऱ्याची माणसं, किल्ला चढून जाणारी, चार जिने म्हणजे काय. पण बिल्डिंगबरोबर माणसंही जुनी झाली, आणि दोन हजार सोळा साली आर्किटेक्टनं येऊन सांगितलं की लिफ्ट बाहेरून लावायला एकच जागा आहे, जिन्याला लागून असलेल्या डाव्या बाजूच्या गॅलऱ्या. चार मजल्यांच्या चार, एकावर एक. त्या पाडायच्या आणि तिथून लिफ्ट वर न्यायची. तिघांनी दिल्या. तिसऱ्या मजल्याचा मी. एक मजला वगळून लिफ्टला वर जाता येत नाही. मी म्हणालो, देणार नाही. आमच्या स्वयंपाकघराला ती एकच गॅलरी, आणि ती माझ्या बायकोची आहे, तिची तुळस तिथं, निवडणं-टिपणं तिथं, अजिंक्यतारा दिसतो तो तिथूनच. कमिटी घरी आली. सुलानं चहा आणला, एक हात गुडघ्यावर ठेवत. तिला जिन्याचा त्रास व्हायला लागला होता, मला दिसत होतं, मी आंधळा नव्हतो. राजेश्वरीबाईंनी विचारलं, "काकू, तुमचं काय मत?" सुला कपबशा मांडत म्हणाली, "आता हे ठरवतील तसं." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. छाती भरून आली. फ्लॅट तिच्या नावावर, मी नोकरीवर असताना घेतला म्हणून, त्यामुळं नकाराच्या कागदावर सही तिचीच लागणार होती. मी कागद लिहिला, ठणठणीत इंग्रजीत, आणि तिच्यापुढं ठेवला. कुठं करायची एवढं तिनं विचारलं आणि सही केली. काय लिहिलंय ते विचारलं नाही. तुला काय वाटतं, हे मीही विचारलं नाही.

तेवढंच माझ्या मागं लागलंय. तिला लिफ्ट हवी होती का? हवी असेल तर मी तिला कोंडून ठेवलं. नको असेल तर मी तिचं मन राखलं. मधलं काही सापडत नाही, चौदा महिने शोधतोय. चोपन्न पायऱ्या. आधी तिची मंडई सुटली, मग हळदीकुंकू सुटलं, मग माहेर, रहिमतपूर, तासाभराची वाट. कोरोनात सगळेच घरात बसले तशी तीही बसली, आणि सगळे बाहेर पडले तेव्हा ती पडली नाही. चार वर्षं. मी रोज विचारायचो, काय आणू? ती सांगायची, मी आणायचो. संध्याकाळी ती गॅलरीत बसली की मी मागून म्हणायचो, "बघ, दिली असती तर?" ती म्हणायची, "व्हय की." ते व्हय की मी आता दिवसातून दहा वेळा ऐकतो, कधी त्यात समाधान ऐकू येतं, कधी काहीच ऐकू येत नाही. गेल्या वर्षी तिला श्वास पुरेना झाला तेव्हा तिला प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं. वीरधवल होता त्यात. पदर डोक्यावरून घट्ट धरून ती त्यांना विचारत होती, "जड झाले का रं मी?" प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवावी लागली. खाली पार्किंगमध्ये आल्यावर तिनं मान वळवून बिल्डिंगकडं बघितलं. तळमजल्यावरच्या दोन फ्लॅटची दुकानं होऊन तीन वर्षं झाली होती, एक मोबाइलचं, एक ब्यूटीपार्लर. वरून ती दिसत नाहीत. "ही दुकानं कवा झाली?" सुला म्हणाली. एवढी धाप लागलेली असताना तिला तेच विचारावंसं वाटलं. मी सांगितलं, झाली मागंच. चार दिवसांनी दवाखान्यातून आणलं तेव्हा जिना अरुंद म्हणून तिला वर नेता आलं नाही. खालीच, दोन स्कूटर बाजूला सरकवून, सगळं केलं. दिवा मात्र वर स्वयंपाकघरात लावला. ती खाली आणि दिवा वर. मी दोन्हींच्या मध्ये जिन्यात बसून होतो आणि येणारी माणसं मला ओलांडून जात होती.

महिन्याभरानं मी राजेश्वरीबाईंकडं जाऊन सांगितलं, गॅलरी घ्या. त्या रडल्या. मला त्यांच्या रडण्याचा राग आला. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "पप्पा, आता कशाला? आईची गॅलरी ना ती?" प्रियदर्शनी तिचं नाव, हुशार आहे, पण काही प्रश्न आईसारखे गिळून टाकावेत हे तिला येत नाही.

या घरात कुठलीही गोष्ट पाडणं किंवा बांधणं हे माझं काम कधीच नव्हतं. मी सत्तर साली भरती झालो. फ्लॅट घेतला सुलानं. जागा तिनं पाहिली, बिल्डरशी ती भांडली, ओटा ठेंगणा झाला म्हणून गवंड्याला समोर उभं करून तोडायला लावला आणि परत करून घेतला. मी तेव्हा जोधपूरला. वर्षातून दोन महिने सुट्टी. पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा चुन्याच्या भिंती, खाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची फरशी, लाकडी खिडक्या, गॅलरीला सिमेंटची जाळी. वा म्हणालो. पुढच्या सुट्टीला जाळी गेली होती, माकडं येतात म्हणून लोखंडी ग्रिल आलं होतं. त्याच्या पुढच्या सुट्टीला हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं दार उजवीकडचं डावीकडं गेलं होतं, कारण धूर. मी संध्याकाळी दिवा लावायला हात नेला तर तिथं बटण नाही, नुसती भिंत. प्रियदर्शनी सहा वर्षांची, म्हणाली, "पप्पा, तिथं नाही, इकडं." न्हाणीतला नवा नळ कसा उघडायचा ते सुलानं मला दाखवलं, पाहुण्याला दाखवतात तसं. टॉवेल कुठं असतात ते विचारावं लागायचं. दोन महिन्यांत घर अंगवळणी पडायचं तोवर ट्रंक भरायची वेळ, आणि पुढच्या खेपेला परत सगळं दुसरं. सीमेवर असताना डोळे मिटून मी घरात फिरायचो, खरंच फिरायचो, दार उघडून, चप्पल काढून, पाणी पिऊन, आणि जिथं फिरायचो ते घर तोवर इकडं पाडलेलं असायचं. हे मी सुलाला कधी बोललो नाही. काय बोलणार. बाई एकटीनं पोर वाढवते, घर उभं करते, तिला काय म्हणायचं, तू बटण का हलवलंस?

अठ्ठ्याण्णवला पेन्शनीवर आलो. ट्रंक हॉलमध्ये ठेवली आणि पहिलं वाक्य हेच बोललो, "सुला, आता या घरात काही बदलायचं नाही. जे जिथं आहे ते तिथंच राहू दे." ती हसली. "बरं," म्हणाली. त्यानंतर बिल्डिंगमध्ये काय काय झालं, पण आमच्यात एक खिळा हलला नाही. लोकांनी गॅलऱ्या बंद करून पोरांच्या अभ्यासाच्या खोल्या केल्या. लाकडी खिडक्या गेल्या, सरकत्या ॲल्युमिनियमच्या आल्या. फरशीवर फरशी बसवली, मग दारं लागेनात म्हणून सुतार बोलावून सगळ्यांनी दारांचे तळ तासले. वर पीओपी टांगलं. खालून जमीन वर आली, वरून छत खाली आलं, आणि लोक म्हणायला लागले, घर कसं मोठं वाटतंय. गच्चीला गळती म्हणून पत्र्याची शेड. बाहेरून आधी सिमेंटचा करडा रंग होता, मग पिवळा, मग तो भयंकर गुलाबी, आता चॉकलेटी आणि मोतिया असे पट्टे, कुणी ठरवलं देव जाणे. आमच्या घरी पावसाळ्यात खिडकी फुगायची, ती उघडायला सुलानं एक जुनी सुरी ठेवली होती. वीरधवलची आई म्हणायची, काकू, तुमच्याकडं आलं की आमचंच जुनं घर बघितल्यासारखं वाटतं. सुला म्हणायची, यांना असंच आवडतं. आणि मी खुर्चीत बसून ऐकायचो आणि मला वाटायचं, दोघांचं पटलंय. आता मी या घरात खरंच डोळे मिटून फिरतो. बटणं हाताला लागतात. पण हाक मारली तर ओ देणारं कुणी नाही.

दुपारी जेवण करून मी खाली गेलो, जिन्यानं, आणि रस्त्यापलीकडं रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो. तिथून बिल्डिंग सगळी दिसते. लिफ्टचा नवा उभा चौकोन डाव्या अंगाला चिकटला आहे, त्याला काच लावली आहे, आणि काचेत समोरचा डोंगर दिसतो. चांगली दिसते बिल्डिंग, खोटं कशाला बोलू. सत्त्याऐंशीची कुठं ओळख पटते का म्हणून बघत होतो. लाकडी खिडक्या एकाच मजल्यावर उरल्यात, आमच्या. गेल्या अडतीस वर्षांत त्या भिंतीच्या आत कोण कोण काय काय मनात ठेवून राहिलं असेल, तोडफोडीत तेवढंच निघत नाही. मला ठाऊक होतं, एका माणसाला विचारलं तर कळेल. चंद्राबाई. आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात, मालक एसटीत ड्रायव्हर होते, ते वारून बारा वर्षं झाली. रोज दुपारी त्या एक जिना उतरून सुलापाशी येऊन बसायच्या. मी आत पेपर वाचत पडायचो आणि गॅलरीतून दोघींची कुजबुज यायची, मी मान वर केली की थांबायची. चौदा महिने मी त्यांना जिन्यात टाळतोय. वरून पावलं वाजली की मी दार लावून घेतो. शत्रूच्या गोळीला इतका घाबरलो नव्हतो.

चार वाजता परत आलो तर चंद्राबाई लिफ्टसमोर पिशवी धरून उभ्या. टाळायला जागा नव्हती. लिफ्ट वर-खाली होत होती, आतून पोरांच्या किंकाळ्या.

"आवं सुभेदार, ही कार्टी काय लिफ्ट सोडत न्हाईत," त्या म्हणाल्या. "आठ वर्सं थांबलो, आता आनी धा मिनटं."

त्यांनी टोमणा मारला नव्हता, आणि तरी मारला होता. त्यांची कंबर गेलेली आहे. मला त्यांच्याबद्दल त्या आठ वर्षांत एकदाही विचार करावासा वाटला नव्हता, हे मला तिथं, त्या बंद दारासमोर कळलं.

"चंद्राबाई," मी म्हणालो, "माझ्यावर राग धरला असेल तर बरोबर आहे."

"माझ्या रागाचं काय करायचंय आता. कंबर काय रागानं दुखतीया व्हय."

लिफ्ट आली, पोरं पळाली. आम्ही आत गेलो. दार लागलं. समोरच्या आरशात मी त्यांच्याकडं बघत होतो, सरळ बघवत नव्हतं. मी विचारलं, "सुला कधी काही म्हणाली होती का? लिफ्टचं?"

त्यांनी बटण दाबायला नेलेला हात खाली घेतला. लिफ्ट जागेवरच उभी राहिली.

"इतक्या दिवसांनी इचारताय."

"हो."

"खरं सांगू का बरं वाटंल असं सांगू?"

"खरं सांगा."

"हवी हुती," चंद्राबाई म्हणाल्या. "हवी नसंल व्हय कुनाला. लय काय न्हाई मागायची. खाली उतरून त्या बाकड्यावर बसून एकदा रस प्यायचा म्हनायची, आलं घालून, बरफ न घालता."

"मी आणून द्यायचो की. पिशवीतून."

"व्हय, आनायचासा. म्हनायची, पिशवीतला रस प्याला की पोटात जातो, पर बाहेर गेल्यागत वाटत न्हाई." त्या थांबल्या. "म्या लय भांडले तिच्यासंगं. म्हनलं, तुझ्या नावावर घर हाय, सही तुझी हाय, तूच हो म्हन की. न्हवरा काय फाशी देतोय? तर म्हनली, न्हाई गं चंद्रा. हे घर म्या माझ्या मनानं उभं केलं, धा येळा पाडलं, धा येळा केलं. त्ये दर सुट्टीला यायचं आन भिंतीवर बटन चाचपायचं. म्या बघायचे. त्येंनी सबंद जन्मात एकच मागितलंय, हाय तसं ऱ्हाऊ दे. तेवढं बी म्या मोडलं, तर त्यो मानूस ह्या घरात पावनाच ऱ्हायचा की."

आठ वर्षं मी समजत होतो की मी तिची गॅलरी राखतोय, आणि ती गॅलरीत बसून मला राखत होती. तिनं बघितलं होतं, भिंतीवर फिरणारा माझा हात. मी लपवलं होतं ते तिनं बघितलं होतं आणि त्याचं मोल म्हणून खालचा सगळा रस्ता देऊन टाकला होता, आणि मी मागं उभा राहून म्हणत होतो, बघ, दिली असती तर. एकदा विचारलं असतं. तीन शब्द. तिनं हो म्हटलं असतं तर मी दिली असती, लगेच दिली असती, हे मी देवाशपथ सांगतो, पण आता कुणाला सांगतो. मी आरशाशेजारचा दांडा धरला.

"सांगायला नको हुतं," चंद्राबाई म्हणाल्या.

"नाही. बरं केलंत."

त्यांनी तीन आणि चार, दोन्ही बटणं दाबली.

तिसऱ्या मजल्यावर मी उतरलो, त्या वर गेल्या. दारात फरशीवाला आप्पासो बसला होता, जतकडचा माणूस, मोजकं बोलणारा. गॅलरीचं दार काढून तिथं भिंत घातली त्यात स्वयंपाकघरातल्या फरशीचा हातभर पट्टा उखडला होता. तेवढा बसवला की त्याचं आमच्या बिल्डिंगमधलं काम संपत होतं. ठिपक्यांची जुनी फरशी आता कुठंच मिळत नाही, हे त्यानं मला आठवडाभर समजावून सांगितलं होतं. त्यानं दोन नमुने भिंतीला टेकवून उभे केले होते, एक पांढरट, एक तांबूस.

"काका, ह्यातली कुठली बसवू?" तो म्हणाला. "तुमी म्हनाल ती."

मी दोन्ही निरखून बघितल्या. कुलूप काढलं, दार ढकललं.

"थांब जरा," मी म्हणालो, "विचारून सांगतो." आणि आत गेलो.